रॅकून, पिंजरा आणि खाण्याचा वास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोरांटोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात मी बरीच वर्षं राहते. इथल्या आमच्या परसबागेच्या गटात रॅकूनचे (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, मांजराहून थोडा मोठा, रात्री फिरणारा प्राणी) प्रश्न एप्रिलमध्ये सुरू होतात आणि मक्याची कणसं भरेपर्यंत थांबत नाहीत. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्नियातली मंडळीही विचारतात. "रॅकून पकडायला पिंजरा आणलाय, आत काय ठेवू?" हा त्यातला पहिला प्रश्न. माझं उत्तर नेहमी थोडं आडवळणाचं असतं. खाण्याचा वास हे आमंत्रण असतं, आणि ते फक्त रॅकूनला जात नाही. कुणाकुणाला जातंय, आत्ता द्यायचं की नाही, हे आधी ठरवायला हवं. खालची उत्तरं एकेक सुटी वाचता येतील. जिथे दोन प्रश्न एकमेकांत अडकतात तिथे क्रमांक दिला आहे.

१. रॅकून खाणं वासाने शोधतो की नजरेने?

दुरून नाकाने, जवळ आल्यावर हाताने. रात्री फिरणारा प्राणी असल्याने त्याचं नाक तयार असतं, पण त्याची खरी ताकद पुढच्या पंजांत आहे. त्याच्या मेंदूचा स्पर्श ओळखणारा मोठा भाग या पंजांच्याच कामाला लागलेला असतो. इंग्रजीतला 'रॅकून' हा शब्द व्हर्जिनियातल्या पोव्हाटन लोकांच्या भाषेतून आला, आणि त्याचा अर्थ हाताने चोळणारा, खरवडणारा असा आहे. शास्त्रीय नावातल्या 'लोटॉर'चा अर्थ धुणारा. तो पाण्यात बुडवून चोळतो ते खाणं स्वच्छ करण्यासाठी नव्हे. पंजा ओला झाला की त्याला स्पर्शातून जास्त कळतं.

पिंजऱ्यासाठी याचा अर्थ असा, की वास त्याला पिंजऱ्यापर्यंत आणतो. पुढे आत शिरायचं की बाहेरूनच जाळीत हात घालून खाऊ ओढायचा, हे त्याचे पंजे ठरवतात. म्हणून आमिष कोणतं यापेक्षा ते कुठे ठेवलंय याला महत्त्व जास्त (प्रश्न ५).

२. सगळ्यात चांगलं आमिष कोणतं?

साधे पांढरे मार्शमॅलो (साखरेच्या मऊ, फुगीर गोळ्या). रॅकूनला गोड आवडतं, पांढरा रंग अंधारात दिसतो, ते गळत नाहीत, मुंग्या लागायच्या आत रात्र निघून जाते. त्यांचा वास मंद असतो, म्हणून वर व्हॅनिला इसेन्सचे एक-दोन थेंब टाकावेत. तीन-चार पुरे. पोटभर ठेवायचं नसतं.

याखालोखाल पीनट बटर, मध, काकवी, गोड मका. मासळी, सार्डिन, मांजराचं डबाबंद खाणं यांचा वास सर्वांत लांब जातो आणि रॅकून त्यावर हमखास येतो. तरीही मी ते वापरत नाही. कारण पुढच्या उत्तरात आहे.

३. शेजाऱ्यांची मांजर अडकू नये म्हणून काय करावं?

गोड आमिष ठेवा. मांजरांना गोड चव कळतच नाही. गोडाची जाणीव करून देणारं एक जनुक मांजरकुळात निकामी झालेलं आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी हे २००५ मध्ये दाखवून दिलं. मार्शमॅलोजवळून मांजर हुंगून निघून जाते. पीनट बटरमध्ये तेल असतं, त्यामुळे एखादी मांजर त्यावर येऊ शकते. मासळीवर मात्र परिसरातली प्रत्येक मांजर येईल.

हे मी चूक करून शिकले. पहिल्या वर्षी सार्डिनचा डबा तेलासकट आत ठेवला. पहाटे पाचला गेले तर शेजारच्या आजींची म्हातारी नारिंगी मांजर आत बसलेली. ओरडून ओरडून आवाज बसलेला, पुढच्या पायाचं एक नख जाळीत अडकून मुळापासून तुटलेलं, आणि पिंजऱ्याच्या तळाला रक्ताचे बारीक ठिपके. मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून घरी नेऊन दिलं आणि पशुवैद्याचं बिल भरलं. आजी काही बोलल्या नाहीत. त्यानंतर मी मासळीचा डबा पिंजऱ्याजवळ नेलेला नाही.

४. मार्शमॅलो घरात नसतात. आपल्या स्वयंपाकघरातलं काय चालेल?

बरंच काही. शेंगदाणा-गुळाचा लाडू उत्तम: गुळाचा वास, भाजलेल्या दाण्याचं तेल, आणि तो चिकट असल्याने उचलून नेता येत नाही. चिक्कीचा वास बंदिस्त असतो, ती कुटून घ्यावी. तूप-गुळाची पोळी चालते. पिकलेलं केळं चालतं, फक्त सकाळपर्यंत त्यावर चिलटं येतात.

काय नको ते नीट वाचा. सुकट, बोंबील, जवळा नको. त्यांचा वास सार्डिनच्याही वर जातो आणि मांजरांचं प्रकरण परत उभं राहतं. मनुका आणि द्राक्षं नकोत, कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला ती घातक ठरू शकतात. चॉकलेट नको, झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं पीनट बटर तर अजिबात नको. तुमच्या घरी कुत्रा नसेल, पण एखादा कुत्रा कुंपणाखालून कुठून येईल सांगता येत नाही. कोंबडीची हाडं किंवा उरलेला रस्साही नको. त्या वासावर स्कंक येतो, घाबरला की उग्र वासाचा फवारा मारणारा काळा-पांढरा प्राणी (प्रश्न ९).

५. आमिष नेमकं कुठे ठेवायचं?

खटक्याच्या (वजन पडलं की दार पाडणारी पिंजऱ्यातली पट्टी) पलीकडे, मागच्या भिंतीला लागून, मधोमध. रॅकूनला ते घ्यायला चारही पाय आत आणून खटक्यावर वजन टाकावं लागलं पाहिजे. पिंजरा पुरेसा लांब हवा; साधारण ३२ इंच लांब, १० रुंद आणि १२ उंच हे माप रॅकूनसाठी विकतात. आखूड पिंजऱ्यात दार त्याच्या पाठीवर किंवा शेपटीवर पडतं.

मग पंजांचा बंदोबस्त. पिंजऱ्याचा मागचा फूटभर भाग तिन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाच्या बारीक जाळीने बाहेरून गुंडाळा. नाहीतर तो पिंजऱ्यामागे बसतो आणि जाळीतून बोटं घालून एकेक मार्शमॅलो काढतो. मी हे मागच्या दाराच्या दिव्यात पाहिलंय. तो बघत दुसरीकडेच होता, मान वर, आणि बोटं मात्र आत चाचपत होती, आपण फडताळाच्या मागे पडलेली सुई शोधतो तशी.

पिंजऱ्याखाली फळी ठेवा. फळी नसेल तर तो तळाच्या जाळीतून गवत आणि माती आत ओढतो, खटक्याखाली ढीग जमतो आणि खटका दबत नाही. पिंजरा खुंटीला तारेने बांधा. मोठा रॅकून तो सहज उलटा करून आमिष झटकून घेतो.

६. वासाची वाट घालायची म्हणतात, ती कशी?

पिंजऱ्याच्या तोंडापासून बाहेर चार-पाच फूट, मार्शमॅलोचे नखाएवढे तुकडे, हातभर अंतराने. एक दाराच्या उंबऱ्यावर, एक आत, खटक्याच्या अलीकडे. मग थेट शेवटचा ढीग. तुकडे मोठे ठेवले तर बाहेरच जेवण होतं आणि तो घरी जातो.

वाट त्याच्या रोजच्या रस्त्याला जोडा. कुंपणाची कड, पन्हाळ्याखालची जागा, कचऱ्याच्या डब्यामागची भिंत. चिखलात लहान मुलाच्या हातासारखे पाच बोटांचे ठसे दिसतील, तोच त्याचा रस्ता. मोकळ्या हिरवळीच्या मध्यावर ठेवलेला पिंजरा कितीही वास मारत असला तरी रिकामा राहतो.

वारा बघा. पिंजरा अशा बाजूला हवा की वारा पिंजऱ्याकडून त्याच्या रस्त्याकडे वाहील.

७. रोज रात्री आमिष गायब, दार मात्र उघडंच. असं का?

पहिला संशय बाहेरून हात घालण्यावर आणि खटक्याखालच्या मातीवर. दोन्हींचा उपाय प्रश्न ५ मध्ये आहे. दुसरा संशय उंदरांवर. खटक्यावरून उंदीर धावला तरी दार पडत नाही आणि सकाळी लाडू नाहीसा झालेला असतो. ओळखायची युक्ती सोपी: पिंजऱ्याभोवती कणिक किंवा मैदा भुरभुरवा आणि सकाळी पायांचे ठसे बघा.

तिसरं कारण म्हणजे खटका जड झालेला असतो. गंज, सुकलेला मध, अडकलेलं पान. हाताने दहा वेळा दाबून बघा. तेल घालायचं असेल तर वास नसलेलं घाला.

८. तो येतो, पिंजऱ्याभोवती फिरतो, पण आत जात नाही. माझ्या हाताचा वास लागतो का?

शहरातल्या रॅकूनला माणसाचा वास नवा नाही. तो रोज आपल्याच उष्ट्यावर जगतो. हातमोजे घाला, पण ते त्याच्या नाकासाठी नव्हे, तुमच्या हातासाठी (प्रश्न १६). त्याला खटकतात ते नवे वास: कारखान्यातून आलेल्या पिंजऱ्यावरचं यंत्राचं तेल, ताजा रंग, धुण्याचा सुगंधी साबण. नवा पिंजरा साध्या पाण्याने धुऊन आठवडाभर अंगणात ठेवावा.

एकदा अडकून सुटलेला रॅकून पिंजरा ओळखतो. त्याच्यासाठी धीर धरावा लागतो. दार तारेने वर बांधून टाका म्हणजे ते पडणार नाही, आणि तीन-चार रात्री आत फुकट खाऊ ठेवा. पहिल्या रात्री दारातला तुकडा जाईल, दुसऱ्या रात्री आतला. सगळा खाऊ सलग दोन रात्री संपला की मग तार सोडा. मात्र या काळात रोज सकाळी उरलेलं उचलायचं, नाहीतर हे आमिष न राहता रोजची पंगत होते.

९. स्कंक किंवा ओपॉसम अडकला तर?

गोडावर येणारे हे दोघेही आहेत, त्यामुळे हे कधीतरी घडणारच. ओपॉसमचं (पिल्लांना पोटाच्या पिशवीत वाढवणारा, मांजराएवढा प्राणी) सोपं आहे. दार उघडून अडकवून ठेवा आणि घरात जा. तो आपल्या गतीने निघून जातो. तोंड वासून दात दाखवेल, घाबरू नका.

स्कंकसाठी जुनी चादर पुढे धरून हळूहळू जा, म्हणजे तुम्ही त्याला दिसणार नाही. त्याने पुढचे पाय आपटले किंवा शेपटी वर केली तर तिथेच थांबा. तो फवारण्याआधी असा इशारा देतो. शांत झाल्यावर पिंजऱ्यावर चादर पांघरा, दार उघडून काठीने टेकवून ठेवा आणि निघून या. घाई केलीत तर तो वास कपड्यांतून आठवडे जात नाही.

पिंजरा जमिनीपासून दोन-तीन फूट वर, भक्कम फळीवर किंवा पडवीच्या कठड्यावर बांधून ठेवला तर स्कंक बहुधा टळतो. तो चढण्यात कच्चा असतो, रॅकून पक्का. ओपॉसम मात्र चढतो.

१०. दुकानात मिळणारे तयार वास घ्यावेत का?

अंगणातल्या एका रॅकूनसाठी गरज नाही. बाटल्यांत बडीशेपेसारखा वास असलेलं अ‍ॅनिसचं तेल, माशाचं तेल, फळांचे अर्क असतात. जंगलात लांबून जनावर ओढायला ते बनवलेले असतात. तुमचा रॅकून लांब नसतो, तुमच्याच छपरावर असतो. माशाच्या तेलाचा एक थेंब फळीत मुरला की पुढचा महिनाभर मांजरांना बोलावत राहतो.

११. थंडीत आणि पावसात वास चालतो का?

थंडीत वास कमी उडतो, दमट उबदार रात्री तो छान पसरतो. पण जानेवारीत पिंजरा रिकामा राहण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. रॅकून अस्वलासारखी लांब झोप घेत नाही, तरी कडाक्याच्या थंडीत कितीतरी दिवस ढोलीत पडून राहतो आणि शरद ऋतूत साठवलेल्या चरबीवर जगतो. बर्फ वितळण्याचा एखादा उबदार दिवस आला की बाहेर पडतो. गोठवणाऱ्या रात्री पिंजरा लावूच नये. पोटमाळ्यातल्या उबेतून आलेला प्राणी रात्रभर थंड लोखंडावर बसून राहील.

पावसात मार्शमॅलोचा चिकट लगदा होतो. वर झाकण म्हणून प्लायवुडचा तुकडा टाका, आमिष रोज बदला.

१२. पिंजरा किती वेळ लावून ठेवायचा? आत पाणी ठेवू का?

सूर्यास्ताला लावायचा, पहाटे उजाडताच बघायचा, दिवसा बंद करायचा. दिवसा उघडा ठेवलात तर खारी, ग्राउंडहॉग (बिळात राहणारा मोठ्या खारीसारखा प्राणी), पक्षी अडकतात. पाण्याची वाटी उलटते. तिच्याऐवजी सफरचंदाची फोड ठेवा, तिच्यातून थोडा ओलावा मिळतो. सकाळचं ऊन जिथे थेट येतं तिथे पिंजरा नको. जुलैच्या उन्हात जाळीच्या पिंजऱ्यातला प्राणी दोन-तीन तासांत दगावू शकतो. सकाळी आठपर्यंत झोपणार असाल किंवा दोन दिवस गावाला जाणार असाल तर पिंजरा लावू नका. यात मला कुणाशी तडजोड करता येत नाही.

१३. पोटमाळ्यात आवाज येतो. मे महिना आहे. आमिष लावून आईला पकडलं तर पिल्लं आपोआप जातील ना?

नाही. ती आत भुकेने मरतील.

या पानावर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच उत्तर. आमच्या भागात पिल्लं साधारण एप्रिल-मे मध्ये होतात, एका वेळी तीन ते पाच. सुमारे आठ आठवडे ती बाहेर येत नाहीत. दूध पाजणाऱ्या मादीला भूक जास्त असते, ती दिवसाढवळ्याही खायला बाहेर पडते, त्यामुळे वासावर सर्वांत आधी तीच येते. म्हणजे वसंतात लावलेल्या आमिषाला हमखास आई सापडते. पिंजऱ्यात प्राणी असेल तर थोडं लांबून पोटाकडे बघा. पोटावरची केस झडलेली, स्पष्ट दिसणारी आचळं म्हणजे घरी पिल्लं आहेत.

एका मैत्रिणीकडे असंच झालं. सकाळी मादी पिंजऱ्यात, सगळे खूश. दुपारी तिच्या मुलीने न्हाणीघरात उभं राहून विचारलं, "आई, छतात पक्षी आहेत का?" किणकिणता, कापरा आवाज होता तो. मी गेले, ऐकलं आणि आम्ही मादीला संध्याकाळी तिथेच अंगणात सोडलं. ती एकदाही मागे न बघता पन्हाळ्याचा पाइप धरून वर चढली. दहा मिनिटांत छतातला आवाज थांबला.

मग करायचं काय? शक्य असेल तर आठ-दहा आठवडे थांबा. पिल्लं आईबरोबर बाहेर पडू लागली की तिला जागा बदलायची असतेच. थांबणं शक्य नसेल तर पोटमाळ्यात दिवसभर दिवा आणि माणसांच्या बोलण्याचा रेडिओ लावा. अंधार आणि शांतता गेली की ती एकेक पिल्लू मानेला धरून दुसऱ्या ढोलीत नेते. तिच्या अशा दोन-तीन ढोली ठरलेल्या असतात. काही वन्यजीव-तज्ज्ञ नर रॅकूनच्या गंधाचं द्रावण भोकाजवळ लावतात. परका नर पिल्लांना मारू शकतो, त्यामुळे त्या वासाने आई हलते. हे काम जाणकाराचं आहे. सगळे गेल्याची खात्री झाल्यावर, आणि त्यानंतरच, भोक बंद करायचं. आई बाहेर आणि पिल्लं आत असताना भोक बुजवलं तर ती छप्पर फाडून आत येते.

१४. अमोनिया, डांबराच्या गोळ्या, लाल तिखट यांच्या वासाने पळवता येईल का?

डांबराच्या गोळ्या पोटमाळ्यात टाकू नका. त्या बंद पेटीतल्या कपड्यांसाठी असतात. उघड्यावर त्यांची वाफ खाली घरात उतरते, तुमच्या मुलांच्या फुप्फुसात जाते, आणि रॅकून त्या एका कोपऱ्यात ढकलून देतो. अमोनियाच्या चिंध्या म्हणजे डोळेही न उघडलेल्या पिल्लांच्या नाकाशी धरलेलं विष. पिल्लं नसतानाही त्याचा परिणाम थोडे दिवसच टिकतो.

तिखट भुरभुरण्याला माझा विरोध आहे. तो पंजाने चाचपतो, मग तोच पंजा डोळ्यांना लावतो. आंधळेपणाने धडपडणारा प्राणी तुमचं अंगण सोडून जाईलच असं नाही. आणि पहिल्या पावसात ते वाहून जातं.

आमिषालाच तिखट लावून ठेवायची कल्पना अधूनमधून कुणीतरी सुचवतं. पिंजऱ्याच्या बाबतीत ती उलटी पडते: तो त्या जागेला कंटाळतो, खाऊला नाही. रात्रभर शेजारच्या डब्यावर जाईल.

१५. पकडला. आता लांब जंगलात नेऊन सोडू का?

नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तो गुन्हा आहे. ओंटारियोमध्ये, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, पकडलेला प्राणी २४ तासांच्या आत आणि पकडल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आत सोडावा लागतो. मॅसॅच्युसेट्समध्ये तो आपल्या जमिनीबाहेर नेऊन सोडता येत नाही. कॅलिफोर्नियातही परवानगीशिवाय दुसरीकडे सोडणं बेकायदा आहे. तुमच्या राज्याच्या वन्यजीव खात्याला पिंजरा लावण्यापूर्वी विचारा, नंतर नाही.

नियमामागे कारण आहे. १९७० च्या दशकात शिकारीसाठी फ्लोरिडाकडचे रॅकून व्हर्जिनिया-वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमाभागात आणून सोडले गेले. त्यांच्याबरोबर रेबीज आला आणि तिथून पूर्व किनाऱ्यावर वरपर्यंत पसरला. २०१५ च्या डिसेंबरमध्ये तो ओंटारियोच्या हॅमिल्टनमध्येही सापडला. शिवाय अनोळखी जागी सोडलेल्या प्राण्याला ना ढोल माहीत असते ना पाणी.

आता सरळ हिशेब करा. १ किलोमीटर ही रॅकूनसाठी एका रात्रीची फेरी आहे. वासाने पकडायचा, कोपऱ्यावर सोडायचा, आणि छपराचं भोक उघडंच. तो परत येतो. पिंजऱ्याला अर्थ असतो तो प्राणी एखाद्या बंद जागेत, शेडमध्ये किंवा तळघरात अडकला असेल तेव्हा. छपरातल्या एकट्या नरासाठी भोकावर बसवायचं एकतर्फी दार जास्त कामाचं: बाहेर पडता येतं, आत येता येत नाही. मार्च ते ऑगस्टमध्ये ते लावण्याआधी प्रश्न १३ परत वाचा.

१६. मी पिंजऱ्याजवळ गेले आणि त्याने ओरबाडलं. काय करू?

जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. वाट बघू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपाय जवळजवळ उरत नाही, त्याआधी लस घेतली तर वाचता येतं. प्राणी पिंजऱ्यात असेल तर तो सोडू नका, सार्वजनिक आरोग्य विभागाला कळवा.

छपरावर किंवा लाकडाच्या ढिगावर रॅकून ठरलेल्या जागी विष्ठा करतात. तिच्यात बेलिसअ‍ॅस्करिस नावाच्या जंताची अंडी असू शकतात, ती पोटात गेली तर त्यांतून निघालेल्या अळ्या माणसाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतात. ब्लीचने ती मरत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात. लहान मुलांना त्या जागेपासून लांब ठेवा.

१७. अंगणात हिरवट चपटी वडी पडलेली मिळाली, व्हॅनिलाचा वास येतोय. कुणी आमिष टाकलंय का?

हो, पण ते पकडण्यासाठी नाही. ती रेबीजच्या लशीची वडी असावी. ओंटारियोत रॅकूनसाठी टाकल्या जाणाऱ्या वड्यांवर गोड व्हॅनिला-मार्शमॅलोच्या वासाचं मेणकट आवरण असतं, आत लशीची पुडी. अमेरिकेत टाकतात त्यांतल्या काहींवर मासळीच्या भुकटीचा थर असतो. रॅकूनने चावलं की पुडी फुटते आणि लस तोंडात जाते. गावाकडे विमान-हेलिकॉप्टरमधून आणि वस्तीत हाताने त्या टाकल्या जातात. खाण्याच्या वासाचा याहून सुंदर उपयोग मला माहीत नाही: कुणाला पकडलं नाही, हलवलं नाही, आणि मुलं-कुत्री-रॅकून सगळेच सुरक्षित झाले.

वडी तिथेच राहू द्या. अंगणाच्या मध्यावर असेल तर हातमोजा घालून झुडपाखाली सरकवा. फुटलेल्या वडीतलं द्रव हाताला लागलं तर साबणाने धुवा आणि वडीवर छापलेल्या क्रमांकावर फोन करा. कुत्र्याने खाल्ली तर बहुतेक वेळा काही होत नाही, तरी पशुवैद्याला विचारा. त्याच्या तोंडातून ओढून काढायला जाऊ नका.

१८. पिंजरा नकोच. नुसता वास बंद केला तर तो जाईल?

बहुतेक घरी जातो, आणि मी सगळ्यांना सुरुवात इथूनच करायला सांगते. रात्री कचऱ्याचा डबा बाहेर असेल तर तोच तुमचा सर्वांत मोठा पिंजरा-आमिष आहे, फक्त खटका नसलेला. टोरांटो शहराने २०१६ पासून फिरवून उघडायच्या कडीचे ओल्या कचऱ्याचे डबे वाटले ते यासाठीच. त्यावरही मात करणारे काही रॅकून कॅमेऱ्यात सापडले, पण बहुतेकांना ती कडी जमत नाही.

आपल्या घरांत काही खास वास असतात. मासे केले त्या दिवशी डोकी आणि काटे पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कचरागाडीच्या सकाळीच बाहेर काढा. अंगणातल्या खताच्या खड्ड्यात शिजलेला भात, वरण, तुपाचं भांडं धुतलेलं पाणी जाऊ देऊ नका. कच्च्या भाजीची सालं ठीक. तुळशीपुढे ठेवलेला नैवेद्य संध्याकाळीच आत घ्या. टोमॅटोला माशाचं खत घातलं असेल तर रॅकून वाफा उकरणारच, त्याला तिथे मासा पुरलाय असं वाटतं. बार्बेक्यूची तेलाची ताटली धुवा. पक्ष्यांचं धान्य रात्री उचला.

दोन आठवडे हे नेटाने करा, मग सांगा. शेजाऱ्यांचा डबा उघडा असेल तर त्यांच्याशीही बोलावं लागेल.

१९. कोकणातल्या घराच्या माळ्यावर रात्री काहीतरी धावतं. रॅकूनच असेल ना? केळं लावून पकडू का?

रॅकून मूळचा अमेरिका खंडातला. जर्मनीत १९३४ साली हेसमधल्या एडरजे तलावाजवळ तो मुद्दाम सोडला गेला. जपानमध्ये १९७० च्या दशकात टीव्हीवरच्या एका मालिकेमुळे लोकांनी पाळायला आणला आणि मग रानात सोडला. तिथे आज तो उपद्रवी परका प्राणी ठरला आहे. कोकणात तो नाही. तुमच्या माळ्यावर बहुधा उदमांजर आहे, काही गावांत त्याला कांडेचोर म्हणतात. पिकलेल्या फळांच्या वासावर येतं आणि कौलांखालून आत शिरतं.

ते वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, त्यामुळे केळं लावून पिंजरा ठेवता येणार नाही. पिकायला ठेवलेली केळी आणि फणस माळ्यावरून खाली आणा, ते संध्याकाळी बाहेर पडल्यावर कौलांची फट बुजवा (आत पिल्लं नाहीत ना हे आधी बघून), आणि तरीही अडचण असेल तर वनखात्याच्या कार्यालयात कळवा.